कॅसेटच्या कपाटातली स्मिता

धुळ्याच्या मावशीचे घर २०२४ च्या दिवाळीआधी रिकामे करायचे ठरले. मावशी आदल्या वर्षी गेली. एक मुलगा पुण्याला, दुसरा सुरतेला. घराला कुलूप लावून किती वर्षे ठेवणार? मी जळगावहून सकाळच्या एस.टी.ने पोहोचलो तेव्हा भांडीकुंडी, सागवानी पलंग, शिवणयंत्र यांची वाटणी होऊन गेली होती. मागच्या खोलीतले लोखंडी कपाट मात्र कोणालाच नको होते. ते आतल्या सामानासकट भंगारवाल्याला देऊन टाकले होते. आतले सामान म्हणजे ३१ व्हिडिओ कॅसेटी.

मी हातगाडीपाशी गेलो, त्या कॅसेटी परत मागितल्या आणि दोनशे रुपये पुढे केले. भंगारवाला पाहतच राहिला. ‘‘भाऊ, हाई कचराले पैसा काबर दि ऱ्हायनात?’’ त्याने विचारले. मावसभावाच्या मनातही तेच होते. पण मी वयाने मोठा, म्हणून तो गप्प राहिला.

प्रश्न रास्त होता. ज्या यंत्रावर या कॅसेटी चालतात ते यंत्र आता कोणी बनवत नाही. त्यातले बरेचसे चित्रपट मोबाइलवर बोट फिरवले की सापडतात. मग हा काळ्या प्लॅस्टिकचा ढीग कशासाठी सांभाळायचा? तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही. नंतरचे काही महिने या कॅसेटींच्या मागे घालवल्यावर थोडेफार सुचले आहे, ते आज वाचकांपुढे ठेवतो. कारण हा प्रश्न एकट्या माझ्या मावशीच्या कपाटाचा नाही. जळगाव-धुळ्याकडच्या कितीतरी घरांत माळ्यावर, दिवाणाखाली, देवघराच्या फडताळात असे ढीग अजून पडून आहेत, आणि दर दिवाळीच्या आवराआवरीत ते थोडेथोडे भंगारात जात आहेत.

३१ पैकी १४ कॅसेटींच्या पाठीवर मावशीच्या वळणदार अक्षरात चित्रपटाचे नाव होते आणि त्याखाली एकच शब्द होता : ‘स्मिता’.

शिरपूरची लेक

स्मिता पाटील जन्मली पुण्यात, १७ ऑक्टोबर १९५५ रोजी. शाळाही पुण्यातच झाली. पण वडील शिवाजीराव पाटील हे धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचे, स्वातंत्र्यचळवळीतून आलेले राजकीय कार्यकर्ते. माझ्या मावशीचे माहेर शिरपूर तालुक्यातले. तिने स्मिताला प्रत्यक्ष कधी पाहिले नव्हते, तरी ती ‘आपली पोर’ होती. पडद्यावर मोठमोठ्या नटांपुढे उभी राहणारी ती सावळी, पाणीदार डोळ्यांची मुलगी तापीकाठच्या पाटलांची आहे, एवढे मावशीला पुरे होते.

स्मिताची कारकीर्द जेमतेम एक तपाची. १३ डिसेंबर १९८६ रोजी ती गेली तेव्हा ३१ वर्षांची होती. एवढ्या काळात तिने ‘भूमिका’ (१९७७) आणि ‘चक्र’ (१९८१) या चित्रपटांसाठी दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळवले, पद्मश्री मिळवली, मराठी आणि हिंदीखेरीज गुजराती, बंगाली, मल्याळम चित्रपटांतही कामे केली. केतन मेहतांचा ‘मिर्च मसाला’ तर ती गेल्यावर, १९८७ मध्ये लागला.

मावशीच्या कपाटात ‘मंथन’शेजारी ‘नमक हलाल’ होता आणि ‘अर्धसत्य’ला टेकून ‘शक्ती’. ‘कलात्मक’ आणि ‘धंदेवाईक’ अशी जी भिंत वर्तमानपत्रांतले समीक्षक स्मिताच्या चित्रपटांत उभी करत, ती या कपाटात नव्हतीच. अभ्यासकाने केलेली यादी आणि घरातल्या बाईने जमवलेले कपाट यांत हा फरक असतो. यादी सांगते, काय श्रेष्ठ होते. कपाट सांगते, लोकांनी काय पाहिले आणि कशाशेजारी पाहिले.

व्हिडिओ आला आणि

१९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळी देशात रंगीत दूरदर्शन आले आणि पाठोपाठ व्हीसीआरही हळूहळू गावोगाव पोहोचला. आज पन्नाशीच्या पुढे असलेल्यांना ते दिवस आठवत असतील. सणावाराला किंवा कोणाच्या लग्नानंतर रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन-चार कॅसेटी एका रात्रीसाठी भाड्याने आणायच्या, अंगणात सतरंज्या अंथरायच्या आणि पहाटेपर्यंत सगळ्या गल्लीने बसून पाहायचे. चित्र हलू लागले की कोणीतरी उठून ट्रॅकिंगचे बटण फिरवायचे. कॅसेट परत करताना ‘रिवाइंड केली का?’ हा प्रश्न ठरलेला.

मावशीच्या घरी काकांनी पुढे स्वतःचाच व्हीसीआर घेतला. तिच्या दृष्टीने ही साधी करमणुकीची सोय नव्हती. एकत्र कुटुंबातली बाई. सिनेमागृहात जायचे ते वर्षातून एकदोनदा, आणि तेही घरातल्या पुरुषांनी ठरवलेल्या चित्रपटाला. शिवाय स्मिताचे निम्मे चित्रपट आमच्याकडच्या थिएटरात येण्यासारखे नव्हतेच. केतन मेहतांचा गुजराती ‘भवनी भवाई’, मृणाल सेनांचा बंगाली ‘अकालेर संधाने’, अरविंदनचा मल्याळम ‘चिदंबरम’ धुळ्याच्या कोणत्या थिएटरमालकाने लावला असता? पण दूरदर्शनवर रविवारी दुपारी निरनिराळ्या भाषांतले चित्रपट लागत, खाली इंग्रजी ओळी येत. मावशीला इंग्रजी येत नव्हते आणि बंगालीही. तरीही ती जेवणे उरकून कॅसेट घालून ठेवायची आणि नंतर सवडीने पाहायची. ‘‘भाषा कशाला लागते? तिचे डोळे बोलतात,’’ असे म्हणायची. सत्यजित राय यांनी प्रेमचंदांच्या कथेवर दूरदर्शनसाठी केलेली ‘सद्गती’ (१९८१) ही तिने अशीच एका पुनःप्रक्षेपणात टिपून ठेवली होती.

शहरांत फिल्म सोसायट्या होत्या, महोत्सव होते. आमच्याकडच्या बाईची फिल्म सोसायटी म्हणजे ते लोखंडी कपाट. चार-पाच शेजारणी दुपारी येऊन बसत. ‘उंबरठा’ पाहून झाल्यावर त्या बराच वेळ काही न बोलता बसून राहिल्याचे मला आठवते. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि सुटीला धुळ्याला आलो होतो.

या फितीने माणसांना नुसते पाहायलाच शिकवले नाही. धुळ्याहून पन्नासेक किलोमीटरवरच्या मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी हातातल्या साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर ‘मालेगाव के शोले’ काढला. त्या उद्योगावर फैझा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा मोठा हिंदी चित्रपट आला. एका पार्लरवाल्याची कहाणी देशभर पोहोचली, ही आनंदाची गोष्ट. पण आमच्याकडच्या बाकीच्या पार्लरांतल्या कॅसेटी आज कुठे आहेत, हे विचारायला कोणी फिरकत नाही.

फीत म्हणजे काय

कॅसेटी घेऊन मी जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये फिरलो. मोबाइलच्या काचा बदलणाऱ्या पोरांनी त्या हातात घेऊन उलटसुलट करून पाहिल्या. अखेर एका वयस्क कारागिराकडे चालू अवस्थेतला व्हीसीआर मिळाला. त्याने पहिली कॅसेट यंत्रात घातलीच नाही. आधी झाकण उचलून फीत उजेडात धरली. दोन कॅसेटींवर पांढरी बुरशी होती. ‘‘ही घातली की हेड खराब, आणि मग हेच हेड पुढच्या कॅसेटी खराब करणार,’’ तो म्हणाला. जुनी कॅसेट सापडली की लगेच लावून पाहायचा मोह होतो. तो आवरावा, हा पहिला धडा.

व्हीएचएस पद्धत जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये बाजारात आणली. अर्धा इंच रुंदीची प्लॅस्टिकची फीत, तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचा थर, आणि तो थर धरून ठेवणारा एक चिकट पदार्थ, एवढाच हा मामला. चित्र आणि आवाज त्या थरात चुंबकीय खुणांच्या रूपाने असतात. चिकट पदार्थाने ओल धरली की फीत चिकटू लागते आणि थराचा भुगा होतो. धूळ चरे पाडते. चांगल्या स्थितीत ठेवलेल्या फितीचे आयुष्य साधारण २० ते ३० वर्षे धरले जाते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात त्या फितींनी किती उन्हाळे काढले असतील! कॅसेट उभी ठेवावी, स्पीकरच्या चुंबकापासून लांब ठेवावी, पूर्ण गुंडाळून ठेवावी, हे कोणी आम्हाला सांगितले नव्हते. मावशीने त्या उभ्या ठेवल्या होत्या, पण ते नावे वाचता यावीत म्हणून.

यंत्राची गोष्ट आणखी कठीण. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. सुटे भाग मिळत नाहीत म्हणून कारागिराला तीन बंद यंत्रांचे भाग काढून एक चालवावे लागते. फीत टिकली तरी ती वाचणारे यंत्र आणि ते दुरुस्त करणारा हात टिकेलच असे नाही.

स्मिताच्या १४ कॅसेटींपैकी आठ बऱ्या चालल्या, चारांवर आडव्या रेघा होत्या, बुरशीच्या दोन बाजूला ठेवल्या. आणि मग ‘उंबरठा’ लावली.

अर्धा चित्रपट, अर्धे लग्न

जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ १९८२ चा. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवर बेतलेला, पटकथा विजय तेंडुलकरांची. तो ‘सुबह’ या नावाने हिंदीतही निघाला. आमच्याकडे आहे ती मराठी प्रत, आणि म्हणून मला तिचे अप्रूप. महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून घराबाहेर पडलेली सुलभा शेवटी घरी परतते, नवऱ्याच्या आयुष्यात आता दुसरी बाई आहे हे तिला कळते, आणि ती पुन्हा उंबरठा ओलांडते. चित्रपटाचा सगळा भार या शेवटावर आहे.

कॅसेटमध्ये सुलभा घराच्या दिशेने निघाली, चित्र एकदम उडाले, दोन सेकंद पडदाभर मुंग्या आल्या, आणि बॅण्ड वाजू लागला. १९९३ मध्ये झालेले माझ्या मावसभावाचे लग्न! दोन व्हीसीआर जोडून कोणीतरी नातेवाइकासाठी लग्नाची प्रत काढताना हीच कॅसेट वापरली होती. वास्तविक मावशीने काळजी घेतली होती. कॅसेटच्या कडेला प्लॅस्टिकचा एक छोटा तुकडा असतो. तो मोडला की त्या कॅसेटवर पुन्हा काही टिपता येत नाही. मावशीने तो मोडला होता. पण त्या खाचेवर चिकटपट्टी लावली की यंत्र फसते, हे घरातल्या पोरांना ठाऊक होते. पट्टी अजून जागेवर होती, पिवळी पडलेली.

मला रागच आला. सगळा ‘उंबरठा’ सोडून नेमका शेवटच पुसायचा? कारागीर बंद करायला निघाला, तेवढ्यात पडद्यावर मावशी आली. चाळिशीतली, हिरव्या साडीतली, हळदीच्या पाटापाशी बसलेली. आणि ती गाऊ लागली. भोवतीच्या बायका तिच्यामागे म्हणत होत्या. अहिराणीतली हळदीची गाणी, एकामागून एक, वीस-बावीस मिनिटे. त्यांतली काही मी लहानपणानंतर कधी ऐकली नव्हती. त्या बायकांपैकी बहुतेक आज नाहीत, आणि हळदीला आता डीजे लागतो.

तिथे मला भंगारवाल्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळाले. मी स्मिताचे चित्रपट वाचवायला निघालो होतो. पण ‘उंबरठा’ जगात एवढ्या एकाच फितीवर नाही. त्याचा शेवट मी दुसरीकडे पाहू शकतो. हळदीची ती गाणी मात्र या एकाच फितीवर आहेत. ज्याला मी नासधूस म्हणत होतो, तोच त्या कॅसेटचा सगळ्यात मोलाचा भाग निघाला.

जपायचे कोणी?

इथे कोणी जाणकार म्हणेल, घरगुती कॅसेट म्हणजे चित्रपट नव्हे. ते खरे आहे. पडद्याच्या कडा कापलेल्या, रंग उडालेले, आणि भाड्याने मिळणाऱ्या कित्येक कॅसेटी तर सरळ चोरीच्या. चित्रपट जपायचा तर त्याची मूळ निगेटिव्ह जपली पाहिजे. ‘मंथन’च्या बाबतीत ते झाले. श्याम बेनेगल यांचा हा १९७६ चा चित्रपट गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून काढलेला. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने तो नव्याने उजळला, मे २०२४ मध्ये तो कानच्या महोत्सवात दाखवला गेला आणि जूनमध्ये आपल्याकडच्या चित्रपटगृहांत लागला. त्याच वर्षी २३ डिसेंबरला बेनेगल गेले. आपले जुने काम नव्या झळाळीत परतलेले त्यांना पाहता आले, हे समाधान.

पण ‘मंथन’च्या पाठीशी शेतकऱ्यांची एक बलाढ्य संस्था उभी होती. ज्या चित्रपटांचे निर्माते राहिले नाहीत, हक्क वारसांच्या वादात आहेत, त्यांच्या मागे कोण उभे राहणार? पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले, तोवर बोलपटांची तीन दशके उलटून गेली होती. पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत नायट्रेटवरचे कितीतरी जुने चित्रपट जळाले. छापलेल्या पुस्तकाची प्रत ठराविक ग्रंथालयांना पाठवलीच पाहिजे, असा कायदा आपल्याकडे १९५४ पासून आहे. प्रत्येक चित्रपटाची प्रत जमा करण्याचा असा सरसकट कायदा नाही.

हक्कांचे गणित पाहा. चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो. म्हणजे १९८२ च्या चित्रपटाचा हक्क २०४२ अखेरपर्यंत शाबूत आहे. तोवर त्याची प्रत काढून वाटणे वा विकणे गैर, आणि ते करावे असे मीही म्हणत नाही. पण १९८५ ची फीत २०४२ पर्यंत जगणार नाही. कायद्याने हात मोकळे होतील तेव्हा हातात काही उरलेले नसेल. म्हणून हक्क ज्यांचे त्यांना ठेवून, जतनापुरती प्रत करण्याची मोकळीक आणि साधने सार्वजनिक ग्रंथालयांना मिळाली पाहिजेत.

आणि घरगुती कॅसेटींना तर असल्या हक्कांचाही अडथळा नाही. लग्ने, मिरवणुका, शाळांची गॅदरिंग, गावातली नाटके, तमाशे, कीर्तने : व्हिडिओच्या वीसेक वर्षांत खानदेशाने स्वतःला जेवढे टिपले तेवढे त्याआधी कधी टिपले नव्हते. हे टिपणारे छायाचित्रकार गावागावांत होते. त्यांच्या मूळ कॅसेटी कुठे असतील, याची यादी कोणी केली तरी मोठे काम होईल.

हे काम आपल्या स्वभावात नाही असे कोणी म्हणू नये. इतिहासाचार्य राजवाडे घरोघर हिंडून, माळ्यांवरची दप्तरे उपसून कागद गोळा करत. वाण्याच्या पुड्यांना जाणारे कागद त्यांनी इतिहासाची साधने म्हणून जगापुढे ठेवले, त्यांचे २२ खंड झाले. ते १९२६ च्या अखेरच्या दिवशी धुळ्यात वारले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात उभे राहिले. ज्या गावाने रद्दीतून इतिहास वाचवला, त्या गावात फितींचा भंगार होऊ द्यायचा का? कागद निदान शंभर-दोनशे वर्षे वाट पाहतो. फीत तेवढी वाट पाहणारी नाही. आठ-दहा वर्षे, फार तर पंधरा.

फार मोठा खर्चही नाही. जिल्ह्याला एक चालू व्हीसीआर, एक संगणक, प्रत काढायचे छोटे यंत्र आणि काम शिकलेली दोन मुले. जिल्हा ग्रंथालय, विद्यापीठ किंवा एखादी जुनी शिक्षणसंस्था हे सहज करू शकेल. तोवर आपण घरी एवढे करावे : कॅसेट फेकण्याआधी तिच्यावर काय आहे ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे, बुरशी असेल तर यंत्रात घालू नये, कोरड्या जागी उभी ठेवावी, आणि घरगुती चित्रीकरणाची प्रत सगळ्यांत आधी काढून घ्यावी.

मी तसेच केले. हळदीच्या गाण्यांच्या प्रती दोन्ही मावसभावांना पाठवल्या. सुरतेहून रात्री उशिरा फोन आला. ‘‘दादा, आईचा आवाज पोरांनी पहिल्यांदा इतका वेळ ऐकला,’’ एवढेच तो बोलू शकला. कपाटाचे त्याने नावही काढले नाही, मीही काढले नाही.

मूळ कॅसेट माझ्याकडे आहे. अर्ध्यापर्यंत स्मिता, पुढे मावशी. तिच्या कडेच्या खाचेवरची ती पिवळी चिकटपट्टी मात्र मी खरवडून काढून टाकली आहे.